माझ्या नाकावरची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना सीडी प्लेअर आहे. रंगाने काळा, वजनाने भारी, स्वभावाने जरा ताठ. समोर एक लांबट खण आहे. बटण दाबलं की तो बाहेर येतो आणि सीडी ठेवली की आत जातो. त्या खणाच्या वर, म्हणजे माझ्या नाकावरच म्हणा ना, एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर सरकारी अक्षरात लिहिलं आहे, 'मोठा कचरा'.

दचकलात ना? मग माझं काय झालं असेल, विचार करा. मी अजून वाजतो, अजून जागच्या जागी आहे, पण त्या दिवशी जो हादरा बसला तो काही पुरता गेलेला नाही. रोज सकाळी कचऱ्याच्या गाडीची धून ऐकू आली की आतल्या आत काहीतरी थरथरतं. तुम्हाला सगळं सांगतो. सांगितलं की जरा मोकळं वाटेल.

माझा जन्म डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका कारखान्यात झाला. माझा खण बसवणाऱ्या बाई फार कडक होत्या. त्या खण उघडायच्या, बंद करायच्या आणि कान लावून ऐकायच्या. चांगल्या घरातलं सरकतं दार जसं आवाज न करता मिटतं, तसा तो मिटला पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. जरासं खट्ट झालं की मान हलवायच्या आणि माझी सगळी आतडी परत बाहेर काढायच्या. इतके लाड झाल्यावर कोण शेफारणार नाही? कारखान्यातून निघालो तेव्हा खोक्यावर 'नाजूक, जपून हाताळा' असं छापलं होतं. मी ते माझं बिरुदच समजलो.

माझं काम तसं सोपं. सीडीवर डोळ्यांना न दिसणारे बारीक खड्डे असतात. माझ्या पोटातला उजेड ते खड्डे वाचतो, त्यांचे अंक होतात आणि अंकांचे सूर. मी फक्त वाचतो. पण वाचायलाही नजर लागते, आणि माझी नजर चांगली आहे असं सगळे म्हणत.

मी हामाउरा नावाच्या बंदराच्या गावात 'हिसागो' या कॉफीच्या दुकानात आलो. जपानात अशी दुकानं गावोगाव होती, आता कमी झाली. तिथे लोक कॉफी प्यायला कमी आणि जॅझ ऐकायला जास्त येतात. संगीत चालू असताना बोलायचं नाही हा तिथला नियम. मोठे स्पीकर, जाड पावाचा टोस्ट, बंद खिडक्या. दुकानाचे मालक कुरामोची तेइझो. पण त्यांना नावाने कोणीच हाक मारत नसे. कॉफीच्या दुकानाचा मालक तो सगळ्यांचा मास्टर.

आता मास्टरची रीत ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. एक सीडी संपली की ते ओट्यामागून उठत आणि अंगातल्या ॲप्रनला हात पुसत. मग लगेच सीडी काढायची नाही. आधी दुकानभर नजर फिरवायची. कोण दमून आलंय, कोण घरी भांडून आलंय, कोणाला आज एकटं वाटतंय, हे चेहऱ्यांवरून बघायचं. मग भिंतभर लावलेल्या सीड्यांमधून एक काढायची, माझ्या खणात ठेवायची आणि तिचं कव्हर ओट्यावरच्या लाकडी घोडीवर उभं करायचं. काय वाजतंय ते त्यावरून लोकांना कळे. काय लावा हे गिऱ्हाइकाने सांगायचं नाही. ते मास्टर ओळखत.

रोजचे एक गिऱ्हाईक होते, ओनोदेरा नावाचे न्हावी. म्हातारपणी त्यांनी आपलं दुकान दुसऱ्याला दिलं. चावी देऊन ते सरळ हिसागोत आले, टोस्ट मागवला आणि तोंडातून शब्द काढला नाही. कोणीही एखादं उदास, संथ काहीतरी लावलं असतं. मास्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि नाचाच्या बँडची एक वेडी, धावती सीडी माझ्यात ठेवली. टोस्ट तोंडात असतानाच ओनोदेरांना हसू फुटलं, आणि मग ते डोळे पुसायला लागले.

"या पेटीत आहे ना, बासवाल्याच्या बोटांचा घामसुद्धा ऐकू येतो," असं ते जाताना माझ्याकडे बघून म्हणाले. मित्रांनो, ही स्तुती मी कितीतरी वर्षं पुरवून पुरवून खाल्ली.

मग मास्टरांचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, हातात काठी आली. त्यांची मुलगी चिझुरु दुसऱ्या शहरात एका शाळेच्या स्वयंपाकघरात होती. ती नोकरी सोडून आली आणि दुकान तिने अंगावर घेतलं. पोरगी कामाची, मायाळू आणि घाईची. एक दिवस तिने पुठ्ठ्याच्या खोक्यातून एक लहानसा चपटा कॉम्प्युटर काढला. जेवणाच्या डब्यापेक्षाही लहान. त्याला पंखा नव्हता, आवाज नव्हता, साधा खणही नव्हता.

त्यानंतर जे चाललं ते बघून मला घेरीच यायची बाकी होती. तिने त्या डबीला एक पातळ तबकडीवाचक जोडला आणि भिंतीवरच्या सीड्या एकेक करून त्याला भरवायला सुरुवात केली. माझ्या डोळ्यांदेखत. डबी एकेक सीडी गिळायची, सगळं लिहून घ्यायची आणि सीडी जशीच्या तशी परत द्यायची. काही ओरबाडलं गेलं असेल, काही झिजलं असेल असं मला वाटत होतं. काही नाही. अख्खी भिंत त्या डबीत मावली आणि वर जागा उरली.

"बाबा, आता उठायचं नाही," चिझुरु म्हणाली. "इथे बसून फोनवर बोट टेकवायचं, झालं."

"बोट टेकवायचं," मास्टर म्हणाले. "आणि बाकीच्या अंगाचं काय करू?"

"बाकीचं अंग डॉक्टरांनी खुर्चीत ठेवायला सांगितलंय."

"ऐक की रे मास्टर," ओनोदेरा म्हणाले. "माझं अंग कुठे ठेवू म्हणून तर कोणी विचारतही नाही."

पण मास्टर हटून बसले. म्हणाले, कॉम्प्युटरचा आवाज कोरडा असतो. उजेडाने वाचलेलं वेगळं आणि डबीने ओकलेलं वेगळं. कानांनी ठरवू, कान खोटं बोलत नाहीत. चिझुरुलाही हे पटलं. सुट्टीच्या दिवशी तिने दुकानाच्या दारावरचा निळा कापडी पडदा काढला आणि आम्हा दोघांसमोर टांगला. दोघांचा आवाज नीट जुळवून घेतला. मास्टर आणि ओनोदेरा डोळे मिटून बसले. एकच गाणं दोनदा वाजलं.

मी जीव ओतून वाजलो, मित्रांनो. जन्मात तसा वाजलो नव्हतो.

"दुसरा," मास्टर लगेच म्हणाले. "दुसरा माझा. एवढं पण कळणार नाही होय मला?"

"दुसऱ्यात लाकूड ऐकू येतं," ओनोदेरांनी दुजोरा दिला. "पहिला म्हणजे दवाखान्यातलं सूप."

चिझुरुने पडदा बाजूला केला. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिने हळूच माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "पहिला हा होता."

दवाखान्यातलं सूप. मी. ज्याच्या खोक्यावर 'नाजूक' लिहिलं होतं तो मी. माझ्या पोटातला उजेड क्षणभर विझला की काय असं वाटलं. ओनोदेरा म्हणाले, परत ऐकू. परत ऐकलं तर या खेपेला दोघांनी उलटं सांगितलं. आणखी एकदा ऐकलं तर दोघांचं एकमेकांशीच जमेना. खरं सांगायचं तर मलाही कळत नव्हतं. पडद्यामागे डबी वाजत होती आणि मला वाटत होतं की मीच वाजतोय. अंक तेच होते. तिने वाचले काय आणि मी वाचले काय.

मास्टर उठले, ओट्यामागे गेले आणि धुतलेलेच कप पुन्हा धुवायला लागले.

"बाबा," चिझुरुने मागून विचारलं, "मग हा जुना काढून टाकू ना?"

"केक्को देसु," मास्टर म्हणाले.

आता हा शब्द तुम्हाला सांगायलाच हवा, कारण याच शब्दाने माझा घात केला. केक्को म्हणजे छान, ठीक, चालेल. आणि केक्को म्हणजेच नको, पुरे, राहू द्या. आणखी कॉफी देऊ का विचारलं आणि समोरचा केक्को म्हणाला, तर त्याच्या हाताकडे बघायचं. तळहात तोंडासमोर हलवला तर नको. नाही हलवला तर ओता. मास्टरांचे दोन्ही हात फेसात बुडालेले होते आणि पाठ चिझुरुकडे होती. शिवाय मनाला लागलं की ते घरच्यांशीसुद्धा गिऱ्हाइकाशी बोलावं तसं अदबीने बोलत. साधं 'राहू दे गं' म्हणाले असते तर मिटलं असतं. पण आले ते केक्को, आणि वर देसु हे अदबीचं शेपूट.

चिझुरुने ऐकलं, ठीक आहे, टाक. मास्टर म्हणाले होते, नको टाकूस. आणि आमच्याकडे एकदा विचारलेलं परत विचारणं म्हणजे समोरच्याला टोचणं. म्हणून तिने परत विचारलं नाही. मला कळलं होतं हो. वर्षानुवर्षं त्यांचं बोलणं ऐकतोय, नकोवाला केक्को मला बरोबर कळतो. पण मला तोंड कुठे आहे? आहे तो खण.

मला जिन्याखालच्या बोळकांडीत नेऊन ठेवलं. माझ्या शेजारी छत्र्या आणि कांद्यांची पेटी. मास्टरांना वाटलं, पोरीने आपलं ऐकलं, टाकला नाही, इथे ठेवला. जातायेता ते माझ्या डोक्यावर हात टेकवून क्षणभर थांबत. चिझुरु ते बघायची आणि तिला वाटायचं, बाबा निरोप घेतायत. तिचे डोळे भरून यायचे आणि ती मुकाट कामाला लागायची. दोघंही एकमेकांना किती जपत होते, आणि मी कांद्यांशेजारी बसून हे बघत होतो.

दुकानाचं तर काय सांगू. बोळकांडीतून मला सगळं ऐकू यायचं. डबी सकाळी सुरू व्हायची ती संध्याकाळपर्यंत न थांबता वाजायची. सीडी संपते, मग एक शांतता होते, मग कोणीतरी उठतं, हे सगळंच गेलं. गिऱ्हाइकं चिझुरुला गाण्यांची नावं सांगायला लागली. एकाने तर पावसाचा आवाज मागितला. लाकडी घोडीवर साखरेच्या बरण्या आल्या. मास्टर खुर्चीत बसून असत. कोणी दमून आलं काय, भांडून आलं काय, त्यांना आता बघायचं कारणच उरलं नव्हतं.

"मास्टर, तू दुकानात असतोस की सजावटीत?" ओनोदेरांनी एकदा विचारलं.

मास्टर हसले नाहीत. पुढे ते उशिरा खाली यायला लागले. मग दुपारी. मग कधी यायचेच नाहीत. जिन्याच्या वरून मला त्यांचं बोलणं ऐकू आलं. ते मुलीला म्हणत होते, "दुकान छान चाललंय की. मी असलो काय नि नसलो काय." चिझुरुला वाटलं, चला, बाबांना एकदाची विश्रांती मिळाली.

आणि मग एका सकाळी, सगळं घर झोपेत असताना, चिझुरु पावलं न वाजवता आली. मोठा कचरा नेणाऱ्या गाडीची पाळी अखेर आली होती, आणि बाबांना बघवणार नाही म्हणून तिने ती वेळ निवडली होती. तिने मला ओल्या फडक्याने स्वच्छ पुसलं. मला वाटलं, परत दुकानात नेतेय. मी खूश झालो. मग तिने खिशातून ती पिवळी चिठ्ठी काढली, मागचा कागद सोलला आणि माझ्या नाकावर दाबून बसवली.

मी वाचली. मला वाचता येतं ना, तेच तर माझं काम. पण वाचलेल्याचा अर्थ लागेना.

तिने मला रस्त्याच्या कोपऱ्यावर नेलं, मोडक्या पंख्याशेजारी ठेवलं, माझ्यासमोर वाकून नमस्कार केला आणि नाक ओढत घरात गेली. समुद्राकडून वारा येत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी छपराबाहेर होतो.

थोड्या वेळाने ओनोदेरा कुत्र्याला घेऊन आले. कुत्र्याचं नाव किनाको. मला बघून ते जागीच थिजले.

"अरे," ते म्हणाले. "अरे, हा तर मास्टरचा."

त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. चिठ्ठी लागली की ती वस्तू गावाची, उचलली तर ती चोरी. समोरच्या घरातल्या बाई तर रोजच्यासारख्या पडद्याआडून बघतच होत्या. ओनोदेरांनी इकडेतिकडे पाहिलं, कुत्र्याचा पट्टा माझ्या मागच्या वायरीला बांधला आणि बजावलं, "किनाको, बस. याला कोणी हात लावायचा नाही." मग ते हिसागोच्या दिशेने जमेल तेवढे पळाले. किनाकोने मला सगळीकडून हुंगलं आणि एक पाय जरासा उचलला. ते क्षण मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. पण त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने पाय खाली ठेवला आणि बसला.

मास्टर आले ते काठी टेकत, झोपायच्या कपड्यांत, आणि घाईत संडासातल्या चपला पायात घालून. आमच्याकडे त्या चपला घालून कोणी शेजारच्या खोलीतही जात नाही. हे रस्त्यावर आले होते. मागून चिझुरु धावत आली.

"हे काय आहे?" मास्टरांनी विचारलं.

"तुम्हीच सांगितलंत ना, बाबा."

"मी?"

"केक्को म्हणालात."

"म्हणालोच. नको म्हणालो."

"मला वाटलं ठीक म्हणालात."

"ठीक कसं असेल? तेवीस, चोवीस किती वर्षं झाली त्याला, मी ठीक म्हणेन?"

"मग हात हलवायचा ना तुम्ही."

"हातात कप होता माझ्या."

"अहो, भांडण मग करा," ओनोदेरा म्हणाले. "ती बघा आली."

कचऱ्याची गाडी वळणावरून आली. तिच्या भोंग्यातून बालवाडीतल्या गाण्याची धून वाजत होती. इतक्या गोड सुरात काळ येतो हे मला माहीत नव्हतं. हातमोजे घातलेला एक नम्र माणूस खाली उतरला, टोपी काढली, चिठ्ठी बघितली आणि मास्टरांना म्हणाला, "शुभ सकाळ. हा घेऊन जातो. चालेल ना?"

मास्टरांनी दोन्ही हात काठीवर ठेवले होते. समोर परका माणूस, तोही सरकारी, तोही इतका अदबशीर. त्यांचं अंग आपोआप वाकलं आणि तोंडातून जे निघायचं तेच निघालं.

"केक्को देसु."

"आभारी आहे," तो माणूस म्हणाला आणि त्याने मला उचललं.

मित्रांनो, मी सुन्न झालो. गाडीच्या मागच्या बाजूला एक लोखंडी तोंड आहे. ते सावकाश मिटतं आणि आतलं चिरडतं. माझा खण मिटतो तसंच. तो मला त्या तोंडाकडे नेत होता आणि मास्टर वाकलेलेच होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, ओठ हलत होते, पण दुसरा शब्द बाहेर पडत नव्हता. चिझुरुने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. या खेपेला पाठ नव्हती, चेहरा होता.

"नको!" ती किंचाळली. "थांबा! तो नकोवाला केक्को आहे!"

किनाको भुंकायला लागला. तो माणूस मला छातीशी धरून उभा राहिला आणि त्याने गोंधळून विचारलं, "नकोवाला?"

"नकोवाला," ओनोदेरा ठामपणे म्हणाले. "मी साक्षीला आहे. कुत्रासुद्धा."

त्याने मला खाली ठेवलं. जरा जोरातच ठेवलं, पण त्याची चूक नाही, तोही बावरला होता. वाकून माफी मागितली आणि मोडका पंखा घेऊन निघून गेला. ती धून लांब लांब गेली.

मास्टर रस्त्याच्या कडेला बसले. चिझुरु त्यांच्याशेजारी बसली आणि रडत रडत म्हणाली, "मला फक्त तुमचा गुडघा वाचवायचा होता, बाबा."

"वाचला की," मास्टर म्हणाले. "पण वाचलेला गुडघा घेऊन जायचं कुठे, ते सांग. ओट्यापासून त्या भिंतीपर्यंत जात होतो. तेवढंच तर होतं जायला."

चिझुरुने त्यांच्या पायांतल्या चपलांकडे पाहिलं. मग तिने आपल्या चपला काढून त्यांना दिल्या आणि संडासातल्या स्वतः घातल्या.

ओनोदेरांनी मला उचलून आत आणलं. माझी जुनी जागा रिकामीच होती. चिझुरुने घोडीवरच्या बरण्या काढल्या. मास्टरांनी ॲप्रन घातला, त्याला हात पुसले आणि वळून दुकानभर नजर फिरवली. दुकानात होती तरी कोण? नाक लाल झालेली मुलगी, धापा टाकणारे ओनोदेरा आणि नियम मोडून आत आलेला किनाको. तेवढ्यांचे चेहरे त्यांनी नीट बघून घेतले. मग काठी टेकत भिंतीकडे गेले आणि तीच नाचाच्या बँडची वेडी सीडी काढून आणली.

माझा खण मिटताना खट्ट झालं. आयुष्यात पहिल्यांदा. रस्त्यावर आदळलो होतो ना. कारखान्यातल्या बाईंनी ऐकलं असतं तर मान हलवली असती. मास्टरांनी माझ्यावर हात ठेवला आणि सीडी सुरू झाली.

आता डबीही आहे आणि मीही आहे. मास्टर व्यायामाला जातात तेव्हा ती वाजते, आणि चांगली वाजते, हे मी आता कबूल करतो. आवाजात आमच्यात काडीचा फरक नाही. फरक इतकाच की माझ्यासाठी कोणालातरी उठावं लागतं. आणि उठलं की चेहरे दिसतात. चिठ्ठी मात्र मास्टरांनी काढू दिली नाही. चिझुरु ती काढायला गेली तेव्हा ते म्हणाले, "केक्को."

"कुठला केक्को?" तिने विचारलं.

मास्टरांनी तळहात तोंडासमोर हलवला. तेव्हापासून हिसागोत हीच रीत पडली आहे. कोणीही केक्को म्हणालं की चिझुरु हातातलं काम थांबवते, समोर येऊन उभी राहते आणि विचारते, कुठला? नवी गिऱ्हाइकं दचकतात. जुनी हात हलवतात.

मित्रांनो, जुनी वस्तू ठेवायची की टाकायची हे तुमचं तुम्ही ठरवा. मी माझी वकिली करत नाही, माझ्या आवाजाची परीक्षा तर तुम्ही ऐकलीच आहे. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाची वस्तू काढताना त्याच्या पाठीला विचारू नका. समोर जाऊन विचारा. उत्तर मिळालं तरी पुन्हा एकदा विचारा. लाज वाटली तरी विचारा.

बरं, मास्टर उठले. ॲप्रनला हात पुसतायत. आता तुमच्याकडे बघतायत. सीडी सुरू झाली की इथे कोणी बोलत नाही, तेव्हा गप्प बसा आणि ऐका.